एक गुंठा हिरवळ, तेहतीस हंडे पाणी

स्मरणिकेसाठी लेख लिहावयास बसले म्हणजे मन प्रथम आठवणींकडे धाव घेते. आमच्या आठवणीत आहे ते वसतिगृहामागचे सिमेंटचे टाके, पहाटेची वंदना आटोपल्यावर त्यापुढे लागणारी रांग आणि प्रत्येकाच्या वाट्याला येणारी एक बादली. त्या एका बादलीत आंघोळ उरकायची, उरलेल्या पाण्यात कपडे खळबळायचे आणि ते गढूळ पाणीही गटारात न ओतता कलमांच्या आळ्यात नेऊन टाकायचे. हा नियम कोणी फळ्यावर लिहिला नव्हता. गुरुजी स्वतः तसे करीत, म्हणून आम्हीही करीत असू. त्या आळ्यांतील आंब्याची कलमे आज मोठी झाडे झाली आहेत आणि त्यांच्याच सावलीत यंदाच्या सोहळ्याचा मंडप उभा राहणार आहे.

गेल्या उन्हाळ्यात सोहळ्याच्या नियोजनासाठी आम्ही काही माजी विद्यार्थी शाळेत जमलो होतो. प्रवेशद्वाराच्या दोन्ही बाजूंना नवी हिरवळ लावलेली दिसली. टळटळीत दुपार होती आणि तुषार सिंचनाचे फवारे चालू होते. त्याच वेळी तलासरी तालुक्यातील एका पाड्यावरून एक माउली आपल्या मुलीला सुट्टीसाठी न्यायला आली होती. ती बराच वेळ त्या फवाऱ्यांकडे पाहत उभी राहिली आणि मग शांतपणे तिने विचारले, "यावर काय पिकतं?" तिच्या स्वरात टोमणा नव्हता. शेतात राबणाऱ्या बाईने विचारलेला तो सरळ प्रश्न होता. तेथे उभ्या असलेल्या आमच्यापैकी कोणालाही त्याचे उत्तर देता आले नाही.

त्या हिरवळीचा दोष कोणा एकाचा नाही. शाळेचे आवार सुंदर दिसावे, बाहेरून येणाऱ्या पाहुण्यांच्या नजरेत ते भरावे, या प्रेमापोटीच ती लावली गेली आणि तिच्यासाठी वर्गणी देणाऱ्यांत आम्हीही होतो. म्हणूनच त्या माउलीच्या प्रश्नाचे उत्तर देण्याची जबाबदारी आमच्यावर येते. आमचे म्हणणे थोडक्यात असे की, शोभेच्या हिरवळीला कोणते पाणी, किती आणि केव्हा द्यावे याला लेखी नियम हवा. त्या नियमाची सुरुवात आपल्या आवारातून व्हावी आणि पुढे तो डहाणू-तलासरीच्या ग्रामसभांपर्यंत न्यावा.

हंड्यांचा हिशेब

प्रथम हिशेब पाहू. तो आपल्या सातवीच्या विद्यार्थ्यालाही मांडता येईल इतका सोपा आहे. एक चौरस मीटर जमिनीवर एक मिलिमीटर पाणी पसरले तर ते एक लिटर भरते. एप्रिल-मे महिन्यांत आपल्या किनाऱ्यालगतच्या उन्हात हिरवळ हिरवी ठेवायची तर तिला दिवसाकाठी ढोबळमानाने पाच मिलिमीटर पाणी लागते. एक गुंठा म्हणजे सुमारे १०० चौरस मीटर. म्हणजे एका गुंठ्याची हिरवळ रोज ५०० लिटर पाणी पिते. डोक्यावरचा हंडा १५ लिटरचा धरला तर हे तेहतीस हंडे होतात.

ग्रामीण भागातील प्रत्येक माणसाला रोज किमान ५५ लिटर पाणी मिळावे, असे प्रमाण जल जीवन मिशनने २०१९ पासून मानले आहे. त्या प्रमाणाने एका गुंठ्याच्या हिरवळीचे पाणी नऊ माणसांना पुरते. एक एकर हिरवळ रोज सुमारे २० हजार लिटर पाणी घेते. ते एखाद्या पाड्यातील ३६० माणसांच्या वाट्याचे पाणी होय. फेब्रुवारीपासून मेअखेरपर्यंतचे १२० दिवस धरले तर त्या एका एकराचा खर्च २४ लाख लिटरवर जातो. भर दुपारी फवारे लावले, तर वाऱ्याने आणि उन्हाने उडून जाणारे पाणी यात आणखी मिळवावे लागेल.

हा हिशेब भातशेतीचा, वाडीचा किंवा परसातल्या भाजीचा नाही, हे येथेच स्पष्ट करतो. घोलवड-बोर्डीच्या चिकूच्या वाड्यांवर असंख्य कुटुंबे जगतात. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. त्या झाडांच्या मुळाशी जाणारे पाणी मजुरी होऊन, फळ होऊन परत येते. आमचा प्रश्न केवळ पाहण्यासाठी वाढविलेल्या आणि दर आठवड्याला कापून टाकल्या जाणाऱ्या गवताविषयी आहे.

भरपूर पावसाचा कोरडा उन्हाळा

बाहेरगावच्या मित्रांना आमचे हे म्हणणे विचित्र वाटते. पालघर जिल्ह्यात पाण्याची टंचाई कशी, असे ते विचारतात. पाऊस वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो, हे खरे. परंतु तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो आणि उतारावरून समुद्राकडे धावतो. आपल्या जमिनीखाली काळा कातळ आहे. त्याच्या फटींत आणि वरच्या मुरमाच्या थरात साठेल तेवढेच पाणी विहिरीला मिळते. फेब्रुवारी उजाडला की पाड्यांवरच्या विहिरींचा तळ दिसू लागतो आणि बाया पहाटेच हंडे घेऊन विहिरीवर नंबर लावतात. ज्यांच्या मुली आपल्या वसतिगृहात शिकतात, त्या वारली, कोकणा, मल्हार कोळी, धोडिया आणि दुबळा घरांतील आयांचा उन्हाळा याच रांगेत जातो.

किनाऱ्यावरची अडचण आणखी वेगळी आहे. तेथे जमिनीखालचे गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. मोटार लावून गोड्याचा उपसा वाढविला की खालचे खारे पाणी वर सरकते आणि विहीर मचूळ होते. एकदा मचूळ झालेली विहीर पुन्हा गोडी व्हायला कित्येक पावसाळे जावे लागतात. बंगल्याच्या आवारातील बोअरवेल खोल असते, शेजारची गावविहीर उथळ असते. हिरवळीसाठी मोटार चालते एका कुंपणात आणि पाणी खाली जाते दुसऱ्याच्या विहिरीतले. जमिनीखालच्या पाण्याला सातबारा नसतो. म्हणून माझ्या बोअरवेलचे पाणी मी कसेही वापरीन, हे म्हणणे न्यायाला धरून नाही.

हा नियम आताच का हवा, याचेही कारण आहे. डहाणू तालुका २० जून १९९१ च्या अधिसूचनेने पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर झाला. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या आदेशानंतर त्याच वर्षी डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले आणि न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांनी त्याचे अध्यक्षपद अनेक वर्षे सांभाळले. नियमांनी हा तालुका हिरवा राखता येतो, हे येथल्या माणसांनी एका पिढीत पाहिले आहे. आता काळ बदलतो आहे. वाढवण बंदराचे भूमिपूजन ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाले. द्रुतगती महामार्ग आणि अतिजलद रेल्वे याच दोन तालुक्यांतून जात आहेत. त्यांच्या मागोमाग हॉटेले येतील, वसाहती येतील, सुट्टीतले बंगले येतील, आणि प्रत्येकाच्या दाराशी हिरवळ येईल. हिरवळी पसरल्यानंतर नियम करू गेलो तर प्रत्येक कुंपणाशी भांडण होईल. आज केलेला नियम मात्र येणाऱ्याला येतानाच कळेल.

धम्माने दिलेले दाखले

आपण बौद्ध समाजाच्या संस्थेत वाढलो. म्हणून या प्रश्नाकडे पाहताना आपल्या परंपरेत पाण्याविषयी काय सांगितले आहे, हे आठवणे क्रमप्राप्त आहे.

भिक्षूच्या आठ परिष्कारांत पाणी गाळण्याचे फडके आहे, हे आपल्याला ठाऊक आहे. विनयपिटकातील एक नियम मात्र फारसा कोणाला आठवत नाही. पाचित्तियांपैकी विसावा नियम सांगतो की, पाण्यात जीव आहेत हे माहीत असताना ते गवतावर किंवा मातीवर ओतणे अथवा दुसऱ्याकडून ओतविणे हा भिक्षूचा दोष होय. आळवी येथे भिक्षूंचे बांधकाम चालू असता हा प्रसंग घडला, असे विनय सांगतो. त्या नियमाचा हेतू जलबचतीचा नव्हता, प्राण्यांच्या रक्षणाचा होता, हे आम्ही प्रामाणिकपणे नमूद करतो. तरीही गवतावर पाणी ओतण्याआधी त्या पाण्यावर आणखी कोणाचे जीवन अवलंबून आहे याचा विचार करावा, हा त्याचा भाव आजही आपल्याला लागू पडतो. 'ओतविणे' हा शब्दही ध्यानात घ्यावा. माळ्याने नळ सोडला आणि आम्ही केवळ पाहिले, ही सबब तेथे चालत नाही.

रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांच्यात झालेला तंटा सर्वांना माहीत आहे. बाबासाहेबांनी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण या तंट्यातच दाखविले आहे. शाक्य संघ युद्धाचा ठराव करीत असता सिद्धार्थाने वेगळा मार्ग सुचविला: दोन्ही बाजूंनी दोन-दोन माणसे निवडावीत, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि पाचांनी मिळून निवाडा करावा. पाण्याचा वाद मिटविण्यासाठी दोन्ही काठांची माणसे एकत्र बसली पाहिजेत, हा त्यातील बोध आजच्या ग्रामसभेलाही उपयोगी पडेल.

आणखी एक दाखला तर थेट आपल्या गावचा आहे. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांत, ज्यांना लोक पांडवलेणी म्हणतात, दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांतील हा लेख त्याच्या दानांची नोंद करतो. इबा, पारादा, दमण, तापी, करबेणा आणि दाहनुका या नद्यांवर त्याने प्रवाशांसाठी विनामूल्य नावा ठेवल्या आणि त्यांच्या दोन्ही तीरांवर विसाव्याच्या जागा व पाणपोया उभारल्या, असे त्यात कोरले आहे. दाहनुका म्हणजे आपल्या डहाणूची नदी, असे अभ्यासक मानतात. भिक्षुसंघाला दिलेल्या लेण्याच्या भिंतीवर डहाणूचे नाव येते ते तहानलेल्या वाटसरूच्या पाणपोईसोबत. कान्हेरीच्या लेण्यांतही जागोजागी पाण्याची टाकी खोदलेली आहेत आणि तेथील शिलालेख त्यांना 'पोढी' म्हणतात. पावसाळ्यात डोंगरावरून वाहणारे पाणी पोढीत साठवावे आणि वर्षभर पुरवून वापरावे, ही त्या संघाची शिस्त होती. आपण त्याच संघाचे वारसदार म्हणवितो.

नियम आहेत, पण नियम पुरत नाहीत

कोणी म्हणेल, हे काम सरकारचे आहे. सरकारने काहीच केलेले नाही, असे नाही. महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ हा कायदा २०१४ पासून अमलात आहे. केंद्रीय भूजल प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२० मध्ये पर्यावरण संरक्षण कायद्याखाली आदेश काढून पिण्यायोग्य भूजलाची नासाडी आणि गैरवापर यांना मनाई केली. डहाणू आणि तलासरी हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात. त्यामुळे १९९६ च्या पेसा कायद्याने लहान जलसाठ्यांचे नियोजन आणि व्यवस्थापन पंचायतींकडे सोपविले आहे. राज्याने त्याचे नियम २०१४ मध्ये केले.

परंतु कागदावरचा नियम आणि हातातले पाणी यांत किती अंतर असते, हे आपल्या समाजाइतके कोणाला ठाऊक असणार? सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत, हा बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये संमत केला. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठरावही केला. तरी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो अनुयायांसह तेथे जाईपर्यंत त्या पाण्याला आपला हात लागला नव्हता, आणि न्यायालयाचा अखेरचा निकाल यायला १९३७ साल उजाडले. पुढे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना बाबासाहेबांनी देशाच्या जलनीतीचा पाया घातला; केंद्रीय जलमार्ग, सिंचन व नौकानयन आयोग १९४५ मध्ये त्यांच्याच कारकिर्दीत स्थापन झाला. पाणी सर्वांचे आहे आणि सर्वांचे असल्यामुळेच त्याचे नियोजन केले पाहिजे, या दोन्ही गोष्टी त्यांनी एकाच आयुष्यात शिकविल्या.

शोभेच्या गवताचे पाणी रोखता येते, याची उदाहरणेही आहेत. २०१६ च्या दुष्काळात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. त्याच एप्रिलमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर हलविण्याचा आदेश दिला. राज्यातील तीन मैदानांना सुमारे ६० लाख लिटर पाणी लागेल, असा अंदाज त्या वेळी चर्चेत होता. बंगळुरूत मार्च २०२४ मध्ये बागकाम, मोटारी धुणे आणि कारंजी यांसाठी पिण्याचे पाणी वापरण्यास बंदी घालून पाच हजार रुपये दंड ठरविला गेला. अमेरिकेतील नेवाडा राज्याने २०२१ मध्ये कायदाच केला की, लास वेगास परिसरात केवळ शोभेसाठी असलेल्या गवताला २०२६ नंतर कोलोरॅडो नदीचे पाणी मिळणार नाही. जे श्रीमंत देशाने केले, ते आपल्याला अशक्य नाही. फरक एवढाच की लातूर आणि बंगळुरू येथे संकट दारात आल्यावर आदेश निघाले. आपल्याकडे पाड्यांवरचे संकट दरसाल येते, म्हणूनच बहुधा ते कोणाला संकट वाटत नाही.

आक्षेपांचा विचार

आमच्या या मतावर जे आक्षेप येतील, त्यांतील तीन महत्त्वाचे आहेत.

पहिला आक्षेप असा की, सूर्या नदीवरील धामणी धरणाचे पाणी दूरच्या शहरांना जाते. वसई-विरार आणि मीरा-भाईंदरसाठी आखलेली योजनाच दररोज ४०३ दशलक्ष लिटरची आहे. त्यापुढे शाळेच्या चार गुंठ्यांची काय मातबरी? हा आक्षेप खोटा नाही. धरणासाठी जमिनी गेलेल्यांचा आणि कालव्याच्या पाण्यावर आस लावून बसलेल्या शेतकऱ्यांचा प्रश्न फार मोठा आहे, आणि आपल्या छोट्या बचतीआड तो झाकला जाऊ नये. परंतु उद्या आपण शहरांना विचारणार असू की, आमच्या धरणाचे पाणी तुमच्या उद्यानांना का, तर आपल्या दारातील फवारा आधी थांबलेला असला पाहिजे. ज्याची स्वतःची वही स्वच्छ असते, त्यालाच दुसऱ्याचा हिशेब मागता येतो.

दुसरा आक्षेप रोजगाराचा आहे. हिरवळ गेली तर पर्यटक रोडावतील, माळ्यांचे काम जाईल, असे म्हटले जाते. किनाऱ्यावर येणारा पाहुणा सुरूची बने, चिकूच्या वाड्या, ताडामाडांची रांग आणि समुद्र पाहायला येतो. कापलेले गवत त्याला शहरातही मिळते. माळ्याचे म्हणाल तर झाडांची आळी करणे, पाला अंथरणे, रोपवाटिका सांभाळणे, सांडपाण्याचे खड्डे स्वच्छ राखणे, ही कामे हिरवळ कापण्यापेक्षा जास्तच हात मागतात.

तिसरा आक्षेप आमच्याच बैठकीत निघाला आणि तो मनाला लागणारा होता. "इतकी वर्षे आमच्या मुलांनी धुळीत दिवस काढले. आता कुठे त्यांच्या शाळेला चांगल्या शाळेसारखे रूप येते आहे, तर लगेच काटकसर का?" या प्रश्नामागची वेदना आम्ही जाणतो. सुंदर आवारावर आपल्या मुलांचा हक्क आहे. पण सौंदर्याची कल्पना आपण कोणाकडून उसनी घेतली, याचाही विचार व्हावा. तथागतांचा जन्म शालवृक्षाखाली झाला, संबोधी पिंपळाखाली मिळाली, महापरिनिर्वाण जोड शालवृक्षांमध्ये झाले. आपल्या परंपरेत पवित्र स्थान म्हणजे सावलीचे झाड. एका पिंपळाखाली शंभर मुले बसून शिकू शकतात. हिरवळीच्या कडेला मात्र 'गवतावर पाय ठेवू नये' अशी पाटी लागते.

आमची सूचना

म्हणून शाळेच्या व्यवस्थापनापुढे आणि माजी विद्यार्थी मंडळापुढे आम्ही पुढील नियम ठेवीत आहोत.

पहिला नियम: १ फेब्रुवारीपासून पाऊस सुरू होईपर्यंत विहिरीचे, बोअरवेलचे, नळाचे किंवा टँकरचे पाणी शोभेच्या गवताला देऊ नये. गवत वाळले तर वाळू द्यावे. जूनमध्ये ते किंवा त्याचे भाईबंद पुन्हा उगवतात.

दुसरा नियम: त्या काळात बागेला वापरायचे ते केवळ वापरून झालेले पाणी. तीनशे मुलांच्या वसतिगृहात आंघोळीचे आणि कपडे धुण्याचे प्रत्येकी ३० लिटर धरले, तरी रोज ९ हजार लिटर पाणी गटारात जाते. खडी, वाळू आणि कर्दळीच्या ताटव्यातून ते गाळून घेतले तर झाडांना उत्तम चालते. ते उघड्यावर साचू देऊ नये, नाहीतर डास होतात. आणि पालेभाजीला ते घालू नये. भदंत आनंदाने राजा उदयनाला चीवरांविषयी सांगितले ते येथे आठवते. जुन्या चीवराचे आच्छादन करावे, तेही झिजले की पायपुसणे, आणि अखेरीस त्याच्या चिंध्या चिखलात कालवून लिंपण करावे. पाण्याचाही असाच दुसरा-तिसरा उपयोग असतो.

तिसरा नियम: पाणी सूर्योदयापूर्वी किंवा सूर्यास्तानंतरच द्यावे. तुषार सिंचन बंद करून झाडांना ठिबक लावावे किंवा मुळाशी मडके पुरावे आणि आळ्यांत पालापाचोळा अंथरावा.

चौथा नियम: बोअरवेलवर मीटर बसवावा. रोजचा आकडा विद्यार्थ्यांच्या गटाने कार्यालयाबाहेरच्या फळ्यावर लिहावा, म्हणजे येणाऱ्या प्रत्येक पालकाला तो वाचता येईल.

पाचवा नियम सवलतींचा: लावल्यापासून तीन वर्षांपर्यंतची रोपे, परसबाग, औषधी वनस्पती आणि रोपवाटिका यांना बंदी लागू नसावी. नवी लागवड मात्र करंज, बकुळ, जांभूळ, कदंब, पिंपळ अशा आपल्या मातीत रुजणाऱ्या झाडांचीच असावी.

एक वर्ष हे नियम स्वतः पाळल्यानंतर आपल्या फळ्यावरचे आकडे घेऊन आपण शेजारच्या ग्रामसभांकडे जाऊ. ग्रामसभेने ठराव करावा की, नवे हॉटेल, वसाहत किंवा शेतघर उभे राहताना हिरवळीचे क्षेत्र आणि तिच्या पाण्याचा स्रोत लेखी सांगितला जावा, आणि गावविहीर आटत असताना शेजारच्या बोअरवेलचे पाणी शोभेच्या गवतावर पडू नये. त्या सभेत बंगलेवाल्यांनाही बसवावे आणि हंडेवाल्या बायांनाही, रोहिणीच्या दोन्ही काठांप्रमाणे. नियमाचा भार आधी ज्यांच्याकडे मोटार आहे त्यांनी उचलावा. डोक्यावर हंडा असलेल्या बाईला काटकसर शिकविण्याची गरज नाही; ती जन्मभर तेच करीत आली आहे.

शाळेच्या प्रवेशद्वारापाशी नवी हिरवळ एकूण चार गुंठे आहे. आम्ही पावलांनी मोजली. रोजचे एकशे तेहतीस हंडे. तिच्यासाठी आम्ही दिलेली वर्गणी परत मागत नाही. तिच्यातील उरलेल्या रकमेतून मीटर आणि सांडपाण्याचा गाळणखड्डा व्हावा, आणि कमी पडेल ते आम्ही माजी विद्यार्थी भरू, असे वचन या स्मरणिकेच्या पानावर देतो. त्या जागी यंदाच्या पावसाळ्यात वसतिगृहातील मुलींच्या हातून झाडे लावली जावीत. पुढल्या उन्हाळ्यात ती माउली पुन्हा मुलीला न्यायला येईल. तिने पुन्हा विचारले की येथे काय पिकते, तर तिच्या मुलीनेच तिला आपण लावलेल्या जांभळाच्या रोपापाशी नेऊन उत्तर द्यावे.

भवतु सब्ब मंगलं।